लाल दोऱ्याची कोंबडी

१

धनसिंग पाटलाच्या नर्मदाचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं आणि ते झालं नाही, ते हे साल. सन एकोणीसशे अठरा. पावसानं मध्येच पाठ फिरवली होती आणि दसऱ्यालाच तापीतून माणसं गुडघाभर पाण्यात पलीकडे जात होती. घरात डिंक-मेथी आणून ठेवलेली, पोरीला आणायची गाडी वंगण घालून तयार, आणि नेमकी त्याच वेळी वाघोद्यात मानमोडी शिरली. ताप चढला की माणसाला मान उचलता येत नसे, म्हणून लोकांनी त्या साथीला हे नाव दिलं होतं. घरटी एक तरी माणूस आडवं झालं. स्मशानात लाकूड पुरेना. मग धनसिंगानं नर्मदाच्या सासरी, बिलवड्याला, निरोप धाडला की पोरीला आत्ता पाठवू नका, गाव निवळलं की मी स्वतः न्यायला येतो.

तो गाव निवळायची वाट बघत होता, आणि कोंबडी चोरीला गेली.

माणसं मरत असताना पोलीसपाटलानं कोंबडी शोधावी, याचं गावात हसू झालं. पण ती कोंबडी साधी नव्हती. गुरांचे सरकारी डॉक्टर चौबळ बुळकांडीची लस टोचायला वाघोद्याला आले होते, ते साथ बघून धर्मशाळेतच राहिले. त्यांना एक गोष्ट खटकली होती. भिलाटीतल्या, म्हणजे भिलांच्या वस्तीतल्या, कोंबड्या आधी पटापट मेल्या आणि त्यामागोमाग माणसं पडू लागली. पाखरांचा ताप आणि माणसांचा ताप एकच आहे की काय, या विचारानं डॉक्टरांची झोप उडाली होती. संध्याकाळी ते तापीच्या डोहावर उतरलेली बदकं बघत बसायचे.

"ही कुठून येतात रे?" त्यांनी एकदा वाहरूला विचारलं. वाहरू गावचा जागल्या, रात्रीचा राखणदार. भिलाटीत राहायचा.

"वरथीन, साहेब. दरसाल दसरा व्हयना का येतस."

"वरून म्हणजे कुठून?"

"ते त्यास्लेच इचारा," वाहरू म्हणाला.

डॉक्टरांनी नंदुरबारहून दोन धडधाकट कोंबड्या आणवल्या. धर्मशाळेच्या निंबाखाली दोन डालगी पालथी घालून त्यात त्या ठेवल्या. एकीच्या पायाला पांढरा दोरा, एकीच्या पायाला लाल. पांढऱ्या दोऱ्याची तशीच ठेवली. लाल दोऱ्याच्या कोंबडीच्या नाकात तापकरी माणसाच्या घशातला कफ थेंब थेंब सोडला. आता ती आजारी पडते का, एवढंच बघायचं होतं.

त्यानंतर दोन सकाळी गेल्या. तिसऱ्या सकाळी डॉक्टर बोडक्या डोक्यानं पाटलाच्या ओट्यावर येऊन उभे राहिले.

"पाटील, लाल दोऱ्याची कोंबडी गेली. डालग्यासकट."

धनसिंगाचा चुलतभाऊ बन्सीलाल ओट्यावर दात घाशीत बसला होता. तो थुंकून म्हणाला, "गयी ते बरं व्हयनं! गुजरना गावमा, धरमशाळामा कोंबड्या! देवले काय वाटत व्हई? अन् चोर कशाले शोधतस? वाहरूले बांधा. भील अन् समोर कोंबडी, आखो काय पाहिजे?"

डॉक्टर पाटलाच्या जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "चोर सापडला नाही तरी चालेल, पण कोंबडी सापडली पाहिजे. माझा अंदाज खरा असेल तर ती जिथं जाईल तिथं ताप जाईल."

२

धनसिंगाला अक्षर येत नव्हतं. हुकुमावर तो अंगठा उठवायचा. पण चोर धरण्यात त्याचं नाव शहाद्यापर्यंत होतं. त्याची रीत एकच. सारंगखेड्याच्या यात्रेनंतर एका साली गावोगावचे बैल गेले होते, तेव्हा फौजदारानं संशयितांना झोडपलं आणि हाती काही लागलं नाही. धनसिंगानं फक्त एवढंच विचारत काठ पालथा घातला होता की ज्या ज्या गावचा बैल गेला, त्या त्या गावात आदल्या दिवशी कोण बाहेरचा येऊन गेला? प्रत्येक गावानं एकच कल्हईवाला सांगितला. चोर तोच.

तो निंबाखाली उकिडवा बसला. मध्येच त्याला खोकला आला. त्यालाही मानमोडी येऊन गेली होती, पण हलकी. दोन दिवस अंग मोडून आलं, ताप उतरला, राहिलं ते शेंबूड-खोकल्याचं लचांड. चिलीम बाधते, असं तो म्हणायचा. गावात त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत, पाटलावरून मानमोडी हात फिरवून गेली, आता त्याला भीती नाही.

धुळीत कोंबडीची पिसं विखुरली होती, बरीच. पिसांत गव्हाचे दाणे होते. आणि जिथं डालगं होतं तिथं धूळ एका बाजूनं सपाट सरकलेली, पुढं बारीक गोल रेघ. ती रेघ कसली, हे त्याला कळलं नाही.

"वाहरू, खरं सांग."

वाहरूला रडू येत होतं की राग, ते कळत नव्हतं. "पाटीलबा, मी लेतू ते पाय धरीसन लेतू. एक पीस पडतं ना. डालगं कशाले नेसू, घर नही का मन्हं? अन् दाणा टाकीसन बलावाले गहू! मन्हा घरमा पोरं मोहना फुलं खाई ऱ्हायनात. गहू व्हता ते कोंबडीले देतू का मी?"

धनसिंगाला ते पटलं. ज्यानं कोंबडी नेली त्याला कोंबडी धरता येत नव्हती. हात लावायची भीती होती, म्हणून डालग्यासकट नेली. आणि अशा साली त्याच्या घरात गहू होता. म्हणजे भिलाटी नाही. गुजरवाडा, कोंबडीला न शिवणाऱ्यांचा.

तो बन्सीलालकडे वळला. बन्सीलालनं दोन्ही हात वर केले.

"मी? मी कोंबडीले हात लावसू? मन्ही माय सरगमाथीन खाले उतरी माले झोडाले!"

"गहू शे तुन्हा घरमा."

"तुन्हा घरमा नही का? आखो चार घरमा शे. अन् माले ती कोंबडी नको व्हती ते दोन्ही नेतू ना. एक कशाले ठेवतू?"

हेही खरं होतं. ज्याला डॉक्टरला हुसकून लावायचं असतं त्यानं दोन्ही डालगी उलथली असती. एकच कोंबडी कोणाला लागते? धनसिंगाच्या डोक्यात उजेड पडला. एकच कोंबडी शिवेवर सोडायला लागते.

भिलाटीचा भगत भिला आपल्या खोपीपुढे राख सारवीत बसला होता. त्याचा नातू कालच गेला होता. वर न बघता तो म्हणाला, "माले म्हाईत व्हतं तू येशी. कोनी आनी ते सांगाव नही. देवीना कामनी चुगली करतस नही. पण कोठे गयी ते सांगस."

साथ गावाबाहेर काढायची जुनी रीत होती. जिवंत कोंबडीला शेंदूर लावायचा, घराघरावरून फिरवायचं, आणि पुढच्या गावच्या शिवेवर ठेवून मागं न बघता परत फिरायचं. पुढच्या गावाला नको असेल तर त्यांनी ती न बोलता उचलून आपल्या पलीकडच्या शिवेवर ठेवायची. कोणी कोणाला भेटायचं नाही, बोलायचं नाही. भिलाटीतली कोंबडी एकही उरली नव्हती. सगळ्या गावात जित्या कोंबड्या दोनच, आणि त्या डॉक्टरच्या.

"कोठली शीव, भिला?"

"टेंभ्यानी. नदीमा सोडतीन त्या, आसं वाटनं व्हतं माले. पण नदीमा पानी कोठे शे? सकायलेच उचली त्यास्नी. खैरव्याकडे गयी."

काठानं पश्चिमेला गावं अशी होती: टेंभे, मग खैरवे, मग लोणपुरे. आणि लोणपुऱ्याला लागून बिलवडे. तिथं नर्मदा होती, दिवस भरत आलेली.

३

"कोणीतरी पुढं जाऊन ती कोंबडी अडवली पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "पण पाठवायचं कोणाला? धडधाकट माणूस पाठवला आणि तो वाटेत पडला तर?" मग त्यांनीच धनसिंगाकडे बघितलं. "तुम्हाला येऊन गेली आहे. एकदा आली की परत येत नाही असं दिसतंय. तुमच्याइतका निर्धास्त माणूस गावात दुसरा नाही, पाटील. तुम्हीच जा."

धनसिंग घरी आला. त्याची बायको वत्सलाबाई चुलीपुढे होती. उजव्या हाताला हळदीचं फडकं गुंडाळलेलं, भाकरी डाव्या हातानं उलटत होती.

"हातले काय व्हयनं?"

"तवा लागना."

"मी बिलवडाकडे जास. डाक्टरनी कोंबडी कोनी तरी शिवेवर ठेवी. ती तिकडेच जाई ऱ्हायनी. त्या कोंबडीमा ताप शे, डाक्टर म्हनस."

वत्सलाबाईच्या हातातली भाकरी राखेत पडली. ती भिंतीला धरून खाली बसली. "बिलवडाकडे?" एवढंच म्हणाली. पोरीच्या काळजीनं बसली असेल, असं धनसिंगाला वाटलं. "तू घाबरू नको, नर्मदानी माय. कोंबडीना आगोदर मी पोचसू," असं म्हणून त्यानं घोडी काढली.

टेंभ्याला चावडीत मंडळी जमली होती. त्याला मध्ये बसवलं, पाणी दिलं, चिलीम फिरली. खोकत खोकत त्यानं विचारलं. हो, कोंबडी आली होती. शेंदूर लावलेली, पायाला लाल दोरा. आम्ही हात लावला नाही, काठीवर डालगं उचलून खैरव्याच्या शिवेवर नेऊन ठेवलं.

खैरव्याच्या वाटेवर बोरीच्या काट्यांची ही उंच कुडं घातलेली. पलीकडून दोन-तीन गडी दगड घेऊन उभे.

"पाटील असा का सायेब असा, तठेच थांबा! गावमा कोनले येऊ देत नही!"

"माले फक्त एक गोष्ट सांगा. कोंबडी उनी व्हती का?"

"उनी व्हती. काढी दिधी."

एवढं ऐकलं आणि धनसिंगानं घोडीला टाच मारली. कुठं काढली, हे त्यानं विचारलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे एकच दिशा होती.

लोणपुऱ्यात मात्र कोणी कोंबडी पाहिली नव्हती. त्यानं घरं पालथी घातली, शीव तपासली. दुपार तिथंच गेली. जेवल्याशिवाय लोकांनी सोडलं नाही, पंक्तीत बसवलं. कोंबडी नाही म्हणताच त्याला वाटलं, लोक लपवतात, ती पुढं गेलीच असणार. तो बिलवड्याला पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं.

नर्मदा ओसरीवर कापूस पिंजत बसली होती. बापाला बघून तिला उठायची घाई आणि पोटामुळं उठवेना, हसायला लागली.

"आप्पा! गाडी कोठे शे? घोडीवर नेतस का माले?"

"बठ, बठ, उठू नको. कोंबडी उनी का गावमा?"

"काय?"

"लाल दोरानी कोंबडी."

नर्मदा तोंडाला पदर लावून हसत सुटली. "आप्पा, तुम्ही कधीपाईन कोंबडी खावाले लागनात? मायले सांगसू मी!"

जावई नवलनं शीवभर माणसं पाठवली. कोंबडी आली नव्हती. नवलनं आजपासून शिवेवर काटे घालायचं कबूल केलं. धनसिंगाच्या छातीवरचा दगड उतरला. त्यानं पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, कानशिलांवरून बोटं मोडली. तिनं त्याला तांब्याभर पाणी दिलं. तो अर्धं प्यायला आणि उरलेलं तिनं लहानपणच्या सवयीनं तोंड लावून पिऊन टाकलं.

"उष्टं कशाले पिस?" तो म्हणाला.

"गोड लागस," ती म्हणाली.

४

परतल्यावर दोन-तीन दिवस बरे गेले. मग टेंभ्याहून निरोप आला. चावडीतली निम्मी मंडळी पडली होती.

डॉक्टर चौबळांचे डोळे चमकले, आणि लगेच त्यांनी मान खाली घातली. "म्हणजे खरंच," ते म्हणाले. "कोंबडी गेली आणि ताप गेला. मी हे सिद्ध करायला आलो होतो, पाटील. असं सिद्ध व्हायला नको होतं."

दुसऱ्या दिवशी लोणपुऱ्याहून तोच निरोप. त्याच्या पुढच्या दिवशी बिलवड्याचा गडी काठानं धावत आला. नर्मदाबाईला ताप चढला आहे. मान उचलत नाही.

धनसिंग घरात शिरला तेव्हा वत्सलाबाई परातीत दादर ज्वारी पाखडत होती. परात हलवून का कधी दाणे निवडतात? सूप कुठं आहे? दाराशेजारच्या खुंटीवर सूप नव्हतं. शेणानं सारवलेलं, पोरीच्या बाळंतपणासाठी घेतलेलं नवं सूप. त्याच्या डोळ्यांपुढे धुळीतली ती गोल रेघ आली. कोणीतरी डालग्याखालून सूप सरकवून कोंबडी उचलली होती. सुपानं उचलायची अक्कल बाईमाणसाला सुचते. मग हळदीचं फडकं दिसलं.

"हात दखाड."

तिनं लपवला नाही. फडकं सुटलं. तव्याचा डाग नव्हता. चोचीच्या टोच्या होत्या, सुजलेल्या.

"भिला म्हने, जित्ती कोंबडी पाहिजे," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "गावमाथीन रोग गया ते पोर माहेरले येई. मी कधी कोंबडीले हात लावा नही. डालगं उचलं ते बाहेर निघनी, परत डालगामा जाये ना, गहू टाका, टोची टोचीसन माले खाये. सूप लावीसन नेयी. डाक्टरनी तिन्हामा ताप भरेल शे, हाई माले कोनी सांगं नव्हतं. टेंभावाला नदीमा टाकतीन, भिला म्हने..." मग तिचा आवाज फुटला. "मी धाडा तो ताप तिन्हाकडे. मन्हा हातथीन. मी मारी मन्ही पोर!"

धनसिंगाला चोर सापडला होता, आणि त्याचा त्याला काही उपयोग नव्हता. तो बाहेर आला, घोडी काढली, आणि बिलवड्याला जायचं सोडून खैरव्याच्या वाटेला लागला. कारण त्याच्या डोक्यात एक गोष्ट सलत होती. टेंभ्याचा निरोप आला, लोणपुऱ्याचा आला, बिलवड्याचा आला. मधल्या खैरव्याचा का आला नाही?

५

खैरव्याची कुडं होती तशीच होती. आत पोरं ओरडत खेळत होती. कोणी खोकत नव्हतं.

"कोनी पडनं का तुमन्हा गावमा?" धनसिंगानं कुडाबाहेरून विचारलं.

"देवीनी कृपा, पाटील. एक बी नही."

"अन् ती कोंबडी? माले म्हनात ना, काढी दिधी? कोठे काढी?"

गडी एकमेकांकडे बघून हसू दाबू लागले. एकानं हाक मारली, "ओ सोनीबाई! दखाड तुन्ही देवी पाटीलले!"

डोंगराकडच्या शेतातल्या खोपीतून एक म्हातारी भिलीण आली. काखेत कोंबडी. कपाळावर शेंदराचा डाग, पायाला लाल दोरा. डोळे लखलखीत, मान इकडं तिकडं फिरवीत होती.

"यास्नी मन्हा शेतना बांधवर टाकी व्हती," सोनीबाई म्हणाली. "म्हनेत रोग शे. मी म्हनं, रोग शे ते मरी का नही? देवीनी दिधी, मी लिधी. मन्हा नातू अन् हाई एक खाटलावर झोपतस. रोज अंडं देस. काय करशी, नेशी का?"

"नको," धनसिंग म्हणाला. "ठेव तूच."

तो परत फिरला. वाटेवर घोडीला हाकलं नाही, लगाम सैल सोडून दिला. कोंबडी टेंभ्याला गेली; टेंभे पडलं. कोंबडी खैरव्याला राहिली, पोराच्या उशाला झोपली, खैरवे ठणठणीत. लोणपुऱ्याला कोंबडी गेलीच नाही, लोणपुरे पडलं. बिलवड्याच्या शिवेला तिचं नखही लागलं नाही.

म्हणजे कोंबडी नव्हे.

मग बैलचोराच्या वेळचा आपला सवाल त्याला आठवला. ज्या ज्या गावी चोरी झाली, त्या त्या गावी आदल्या दिवशी कोण बाहेरचा येऊन गेला? टेंभ्याच्या चावडीत मध्ये कोण बसला होता? चिलीम कोणाच्या तोंडातून कोणाच्या तोंडात गेली? खैरव्यात दगड दाखवून कोणाला शिवेबाहेर ठेवलं? लोणपुऱ्यात पंक्तीला कोण जेवला?

बिलवड्याच्या ओसरीवर कोणाचं उष्टं पाणी कोण प्यालं?

६

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. पांढऱ्या दोऱ्याची कोंबडी निंबाखाली माती उकरीत होती.

"कोंबडी आजारी पडलीच नाही," ते शेवटी म्हणाले. "कफ तिच्यात रुजलाच नाही. जे तिच्यापाशी नव्हतं ते ती कोणाला देणार? भिलाटीतल्या कोंबड्या कशानं मेल्या, मला माहीत नाही. पाखरांचं आणि माणसांचं काही नातं असेलही. कोणाला तरी पुढं सापडेल. मला सापडलं नाही." त्यांनी तोंडावर हात फिरवला. "तुम्हाला मी पाठवलं, पाटील. येऊन गेली म्हणजे संपली, असं मी धरून चाललो. तुमचा खोकला माझ्या कानावर पडत होता."

"दवा शे का काही?" धनसिंगानं विचारलं. "आते तिले. बिलवडाले."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांच्या पेटीत बैलांची औषधं होती आणि थोडं क्विनाईन. क्विनाईननं मानमोडी हलत नाही, हे दोघांनाही आतापर्यंत कळलं होतं. तरी त्यांनी ते पुडीत बांधून दिलं. तेवढं तरी हातात असावं म्हणून.

घरी वत्सलाबाई अजून तिथंच होती. परातीतले दाणे भोवती सांडलेले. धनसिंग तिच्यासमोर जमिनीवर बसला, जसा तो कधी बसत नसे.

"नर्मदानी माय, आयक. तुन्ही कोंबडी बिलवडाले गयीच नही. खैरव्यामा शे. मी मन्हा डोयास्वरी देखी. अंडं देस. तिन्हामा काही नव्हतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "मग?"

"मग मी," धनसिंग म्हणाला. "मी गयतू ना पोरले वाचाडाले. तो ताप मन्हासंगे गया. तू कोनले मारं नही. मी मारं."

वत्सलाबाईनं पदरानं त्याचं नाक पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं, आणि उठून गाठोडं बांधू लागली. डिंक, मेथी, क्विनाईनची पुडी, मऊ जुनी लुगडी. "गाडी जुंप," ती म्हणाली.

बिलवड्याच्या शिवेवर आता नवलनं घातलेले काटे होते. पोरीच्या आईला आत घेतलं. धनसिंगही आत जाऊ शकला असता. नवल म्हणाला, "या ना मामा, आते काय उरनं शे?" पण त्याचा पाय उचलेना. नर्मदाच्या घरी आता जाऊन काही बिघडणार नव्हतं, जे बिघडायचं ते होऊन गेलं होतं. पण वाटेत बाकीची घरं होती, ओसऱ्यांवर पोरं बसली होती. तो शिवेच्या दगडापाशी खाली बसला. गावं कोंबडीचं डालगं ठेवतात तिथंच. वाहरू गाडीबरोबर आला होता, तो थोडा लांब बसला. मध्ये मध्ये नवल काट्यांपाशी येऊन सांगून जायचा, ताप तसाच आहे, पाणी घेतलं, आता घेत नाही, आप्पा कुठं आहेत विचारते.

"काय सांगं तू?"

"शिवेवर बठेल शेत, आसं सांगं. म्हने, कोंबडी अडावाले बसनात का? हसनी थोडं."

नदीतली बदकं उठून वर गेली आणि परत उतरली. धनसिंग त्या बाजूला बघत होता, म्हणून नवल पुन्हा काट्यांपाशी आला तेव्हा वाहरूच आधी उभा राहिला.

त्या साथीत टेंभ्याची चौदा माणसं गेली आणि लोणपुऱ्याची नऊ. खैरव्यात कोणी गेलं नाही. डॉक्टर चौबळ त्याच साली मार्गशीर्षात धुळ्याला मानमोडीनंच वारले. वत्सलाबाई सन एकोणीसशे एकतीसला वारली आणि धनसिंग पाटील त्यानंतर दोन वर्षांनी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. नर्मदा, त्यांची लेक, सन एकोणीसशे अठरा साली धनतेरसच्या सकाळी बिलवड्याला वारली. बाळ पोटातच होतं.